हरलेल्याचं नाव

माझं नाव 'खडूस कवळी'. मारामारीच्या गेममधलं, म्हणजे. टीव्हीच्या पडद्यावर माझ्या जाड्या पैलवान बाईच्या डोक्यावर ते ठळक अक्षरांत झळकतं आणि कुठली कुठली पोरंटोरं मला त्याच नावानं ओळखतात. मी पन्नाशीला टेकलेली बाई आहे. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवते आणि संध्याकाळी घरी येऊन अनोळखी माणसांना बदडते. हसायचं असेल तर हसून घ्या. लोक मालिका बघतात, मी मारामारी करते.

हे नाव मी घेतलेलं नाही. माझ्या पाठच्या भावानं दिलंय, आणि मनाला येईल तेव्हा ते बदलायची आम्हाला मुभा नसते.

ही भानगड आमच्या लहानपणापासूनची. मामानं वापरलेलं एक गेमचं यंत्र आणून दिलं होतं. सुरू केलं की ते आधी खेळाडूंची नावं विचारायचं. आम्ही दोघं त्या रकान्यात काय लिहायचं यावरूनच इतके भांडायचो, की खेळ राहायचा बाजूला. शेवटी आम्हीच नियम केला. जो हरेल त्याचं नाव जिंकणारा ठेवणार. हरलेल्यानं ते नाव मिरवायचं, स्वतः जिंकेपर्यंत. चोरून बदलायचं नाही. आणि मुद्दाम हरायचं तर नाहीच नाही, कारण मुद्दाम हरणाऱ्याशी खेळण्यात काय राम?

मी 'बोळकी' झाले, 'तुपट वांगं' झाले. तो 'गळका नळ' झाला, 'शेंबडा सेनापती' झाला. एकदा तर अख्खी सुट्टी तो 'ताईचा गुलाम' होता आणि शेजारची मुलं खेळायला आली की टीव्हीपुढे उभा राहून ते नाव पाठीनं झाकायचा.

एकच अडचण नियमात बसत नव्हती. कधीतरी दोघांची लाथ एकदम बसायची आणि दोघंही एकदम आडवे व्हायचे. मग नाव कुणी कुणाला द्यायचं? पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्ही स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "आई, बरोबरी झाली! तू नावं दे!"

आईचे हात कामात होते. तिनं मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. "एक थोरली आणि एक धाकटा. आता बंद करा आणि जेवायला या."

"हे काय नाव आहे?" भाऊ म्हणाला. "काहीतरी भारी दे ना!"

"माझ्याकडे एवढीच आहेत," आई म्हणाली.

पुढे जेव्हा जेव्हा बरोबरी झाली तेव्हा आईनं हीच दोन नावं दिली आणि 'आता बंद करा आणि जेवायला या' हेच ऐकवलं. एरवी आम्हाला त्या नावांनी कुणीच हाक मारत नसे, तीसुद्धा नाही. ती बरोबरीची नावं होती.

आता एवढ्या मोठ्या माणसांनी हे कशाला चालू ठेवलं, असं कुणी विचारेल. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून. भाऊ नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. फोनवर आमचं संभाषण म्हणजे "कशी आहेस?" "बरी आहे. तू?" "मीही बराय." पुढे दोघांच्या तोंडाला कुलूप. पण रविवारी दुपारी आपापल्या घरी टीव्ही लावून समोरासमोर उभं राहिलं, की त्या नावांतून सगळं कळायचं. त्याचे केस गेले तेव्हा मी त्याला 'चकचकीत' केला. मी लॅबच्या जिन्यावरून घसरून पडले तेव्हा तो जिंकला आणि मी झाले 'उतरती भाजणी'. त्याचं लग्न मोडलं त्या आठवड्यात मी त्याला हरवलं आणि नाव दिलं 'शहाणा'. त्यानं ते लिहिलं. मग म्हणाला, "ताई, हे नाव जरा दिवस राहू दे." नंतर कितीतरी रविवार तो माझ्याकडून हरत राहिला आणि मी दर वेळी तेच नाव दिलं. तो मुद्दाम हरत नव्हता. माझा हातच त्याच्यापेक्षा चांगला आहे, हे इथं नमूद करून ठेवते.

मग आई आजारी पडली.

मी आईबरोबर राहत होते, त्यामुळे सगळं माझ्या अंगावर पडलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तिची कवळी मी स्वतः बनवलेली. पोटच्या पोरीनं बनवली म्हणून कौतुक करायचं सोडून ती नाक मुरडायची. "उजवीकडे टोचतंय. पैसे दिले असते तर नीट केली असतीस." मी ती रोज रात्री धुऊन पेल्यात ठेवायचे आणि सकाळी तिच्या तोंडात बसवायचे. शेवटी शेवटी तिला ती नकोशी झाली. तोंड आत गेलं आणि तिचा चेहरा मलाच ओळखू येईना.

भाऊ यायचा. येत नव्हता असं मी म्हणणार नाही. यायचा, दोन दिवस राहायचा. बॅग दाराजवळ ठेवायचा आणि तिच्यातून लागेल तेवढंच काढायचा. टॉवेल घडी घालून पुन्हा बॅगेवर ठेवायचा. सोफ्यावर झोपायचा आणि मी उठायच्या आत पांघरुणाची घडी करून बसलेला असायचा. आईच्या उशाशी बसून तिला विचारायचा, "बरं वाटतंय ना?" आणि ती हो म्हणायची, कारण पाहुण्यांना आपण हो म्हणतो. एकदा मी आईला कुशीवर वळवत होते आणि तो चहा करायला आत गेला. तिथून त्याचा आवाज आला, "ताई, साखर कुठं असते गं?"

ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, ज्या डब्यातून चोरून साखर खाल्ली म्हणून मार खाल्ला, त्या घरात. डबा तोच होता आणि फळीही तीच होती.

मी आत गेले. डबा काढून दिला.

आई गेली. माणसं आली, गेली. तो परत निघणार त्याच्या आदल्या संध्याकाळी घरात आम्ही दोघंच होतो आणि घर इतकं चिडीचूप, की फ्रिजची घरघर ऐकू येत होती. बोलायला तर आम्हाला कधीच जमलं नाही. त्यानं टीव्ही लावला. मी शेजारी बसले. आम्ही एक डाव खेळलो आणि मी जिंकले.

"दे नाव," तो म्हणाला.

"पाहुणा," मी म्हटलं.

एरवी त्यानं आरडाओरडा केला असता, घासाघीस केली असती, उशी फेकून मारली असती. या वेळी तसं काही नाही. एकेक अक्षर निवडत त्यानं ते नाव लिहिलं आणि टीव्ही बंद केला. सकाळी मी उठले तेव्हा पांघरुणाची घडी होती आणि दाराजवळची बॅग नव्हती.

मला त्याचं वाईट वाटलं नाही, हे स्पष्ट सांगते. नाव खोटं नव्हतं. मी कुणाला लागेल म्हणून खरं गिळून टाकणारी बाई नाही.

त्यानंतर आम्ही खेळलो नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन यायचा. कशी आहेस, बरी आहे. रविवारी दुपारी मी टीव्ही लावायचे, त्याच्याकडून डावाचं आमंत्रण येतंय का बघायचे आणि येत नाही म्हटल्यावर परक्यांशी खेळायचे. ओळखीच्या खेळाडूंच्या यादीत एकच नाव होतं. त्याच्यापुढे हिरवा ठिपका लागायचा. 'पाहुणा, ऑनलाइन आहे.'

आणि माझं डोकं फिरायचं. नाव बदलायला लागतात किती क्षण! सेटिंगमध्ये जा, खोडा, लिहा. मी काही त्याच्या घरी पोलीस पाठवणार नव्हते. तरी हा माणूस ते नाव गळ्यात अडकवून जगभर हिंडतो आहे, ते कशासाठी? मला टोचावं म्हणून. लोकांना दाखवायला, बघा माझी बहीण कशी आहे. मी मनातल्या मनात त्याच्याशी कडाकडा भांडायचे. घरात दुसरं कुणी नव्हतंच भांडायला. आईचा पेला अजून मोरीवरच्या फळीवर पालथा होता आणि मला तो उचलून आत ठेवणं जिवावर यायचं.

आमंत्रण मीही पाठवलं नाही. का पाठवावं? मी जिंकले होते; त्याच दिवशी 'खडूस कवळी' खोडायचा हक्क मिळाला होता, तोही मी वापरला नव्हता. यायचं तर हरलेल्यानं यायचं असतं.

असं वर्ष गेलं.

मग एका संध्याकाळी 'लंगडा घोडा' नावाच्या कुणाशी तरी माझी जुंपली. कोण, कुठला, बाई की बाप्या, मला माहीत नाही. पण खेळायचा छान. मी त्याला कसंबसं पाडलं आणि खेळ संपल्यावर त्याचा निरोप आला: 'कवळीबाई, ती मागे सरकून उचलून आपटायची लकब कुठं शिकलात? पाहुणा पण अगदी अशीच आपटतो.'

मी लिहिलं, 'कोण पाहुणा?' माझी मेलीची खोड.

'आमच्यात रोज असतो. चांगला माणूस आहे. आम्ही त्याला म्हणतो, एवढा भारी खेळतोस आणि नाव काय असलं मुळमुळीत? वाघबिघ ठेव काहीतरी. तर म्हणतो, हे बहिणीनं दिलंय. ती काढेल तेव्हाच निघेल.'

खाली पुन्हा एक ओळ आली: 'बहिणीची वाट बघतो बहुतेक. रविवारी दुपारी आमच्याशी कधीच खेळत नाही. नुसता लावून बसतो.'

मी टीव्ही बंद केला. जेवण गरम केलं आणि तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. मेणात दात बसवताना मी उजवीकडचा सुळा डावीकडे लावला. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली वाकून बघत म्हणाली, "या गिऱ्हाइकाला जेवायचंय की कुणाला फाडून खायचंय?" ती माझ्याच वयाची, जिभेला हाड नसलेली, पण मनानं चांगली. मी हसले नाही तेव्हा तिनं खुर्ची जवळ ओढली. "बरं नाही का?"

"ठीक आहे," मी म्हटलं. काय सांगणार? पन्नाशीच्या बाईनं टीव्हीतल्या नावावरून डोळ्यांत पाणी आणलंय, हे सांगायची गोष्ट आहे?

दात उपटून मेण पुन्हा गरम केलं आणि हात चालू असताना माझं मलाच कळत गेलं. नाव खरं होतं, अजूनही खरंच आहे. पण 'गळका नळ'सुद्धा खरंच होता, सर्दी झाली होती म्हणून. आमची नावं आठवड्याभराची असायची. पुढच्या रविवारी कुणीतरी जिंकायचं आणि ती पुसली जायची. हे एकच नाव वर्षभर राहिलं, कारण मी रविवार द्यायचेच बंद केले होते. तो ते मिरवत नव्हता. नियम पाळत होता. आईच्या घरातली एवढीच एक गोष्ट त्याच्याजवळ उरली होती आणि तो ती सांभाळत होता.

ते नाव काढायचं तर त्यानं मला हरवायला हवं. आणि खरं खेळले तर तो मला हरवील याचा भरवसा नाही, मी आधीच सांगितलंय. म्हणजे मला हरावं लागणार होतं. मुद्दाम.

तो आठवडा मी हरण्याचा सराव केला. ऐकायला सोपं वाटतं. पण भावाला माझी प्रत्येक हालचाल पाठ. मी उगाच अंगावर ठोसे घेतले तर त्याला लगेच संशय येईल आणि मग नियम मोडला म्हणून डाव रद्द. म्हणून मी यंत्राशी खेळत उशिरा उडी मारायला शिकले, उचलायला जाऊन हात हुकवायला शिकले. आयुष्यात पहिल्यांदा इतकं मन लावून मी वाईट खेळले.

रविवारी दुपारी त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. मी आमंत्रण पाठवलं. 'खडूस कवळी तुम्हाला एका डावासाठी बोलावत आहे.'

उत्तर येईना. मी भांडी घासून आले. ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. समजा, आला नाही तर? समजा, त्यानं नको म्हटलं, तर मग माझ्याकडे काय राहिलं? त्या यादीत दुसरं नाव नव्हतं. तशी कुठल्याच यादीत नव्हतं.

टीव्ही खणाणला. आमंत्रण स्वीकारलं होतं.

एका बाजूला माझी जाडी पैलवान बाई, डोक्यावर 'खडूस कवळी'. दुसऱ्या बाजूला त्याचा लांब तंगड्यांचा काटकुळा, डोक्यावर 'पाहुणा'. घंटा झाली.

मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. आता तो लाथ मारेल, मी उशिरा उडी मारेन. पण लाथ आली नाही. काटकुळा जागच्या जागी डुलत उभा. मी आणखी पुढे झाले, अगदी त्याच्या हाताशी. तरी नाही. मग मी मुद्दाम हात हुकवून पाठ उघडी टाकली. असा मोका मिळाला तर आंधळासुद्धा ठोसा मारेल. तो एक पाऊल मागे सरकला.

गाढव, मार ना, मी मनात म्हणत होते. मार की रे!

पडद्याच्या वरच्या कडेला वेळ उतरत चालली होती. आम्ही दोघं समोरासमोर उभे, ती जाडी आणि तो काटकुळा, श्वास घेत, डुलत. कुणी हात उचलेना. गेमनं मागचं संगीत घाईचं केलं, प्रेक्षकांचा ओरडा वाढवला. वेळ संपली. दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या भरलेल्याच. पडद्यावर आलं: 'बरोबरी'.

माईक दोन्हीकडे चालूच होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"ताई," तो म्हणाला, "तू मुद्दाम हरत होतीस."

"आणि तू काय करत होतास?"

"मीही."

"अरे गाढवा, जिंकला असतास तर ते नाव निघालं असतं ना!"

"माहितीये." तो म्हणाला. "मग झालंच असतं की सगळं. नाव निघालं, भांडण मिटलं. मग तू परत कशाला बोलावलं असतंस? ते नाव असेपर्यंत मला वाटत होतं, कधीतरी तू ते काढायला येशील."

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"बरोबरी झाली," तो हळूच म्हणाला.

आणि माझी मान आपोआप स्वयंपाकघराकडे वळली. इतक्या वर्षांची सवय, तिला काय कळतं? दार उघडं होतं. आत ओटा लखलखीत पुसलेला आणि नळ घट्ट बंद. कुणी नव्हतं. आई गेल्याला वर्ष झालं होतं, पण त्या क्षणी मला ती गेलेली दिसली.

"तू मागे वळून बघितलंस का आत्ता?" भावानं विचारलं.

"हो."

"मीपण बघितलं." तो म्हणाला. "आणि ताई, माझ्या स्वयंपाकघरात तर ती कधी आलीच नव्हती."

मी रडले. लपवण्यात अर्थ नव्हता, माईक चालू होता. तोही रडत असावा, कारण नाक ओढल्याचा आवाज अगदी गळक्या नळासारखाच आला.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "एक थोरली."

"एक धाकटा," तो म्हणाला.

मी नावाचा रकाना उघडला आणि 'खडूस कवळी' खोडलं. 'थोरली' लिहिलं. परत येऊन बघते तो समोर काटकुळ्याच्या डोक्यावर 'पाहुणा' नव्हतं.

आईच्या वाक्याचा उरलेला भाग दोघांनाही ठाऊक होता. मी वाट पाहिली, त्यानं म्हणावं म्हणून. तोही वाट पाहत असणार. ते म्हणायचा हक्क आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. रात्रीच्या जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली. पडद्यावर थोरली आणि धाकटा समोरासमोर उभे होते आणि बंद करा असं सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही बंद केलं नाही.